रिकामा म्हणून ठेवलेला टनर : एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीन गळतीचं प्रकरण

आधीच सांगतो, गावाचं, नगरपरिषदेचं, माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील मुद्दाम बदललेत. बाकी जे घडलं त्याचा क्रम तसाच ठेवलाय. मी शेजारच्या औद्योगिक वसाहतीत सेफ्टीचं काम बघतो, आमच्या वसाहतीतल्या कंपन्यांचा एकमेकांना मदत करणारा गट आहे, त्या गटाला फोन आला म्हणून आम्ही तिथे पोचलो, म्हणजे हे सगळं बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेतून आहे हे लक्षात ठेवून वाचा.

पार्श्वभूमी

तालुक्याचं गाव, नदीवरून पाणी उचलायचं आणि गावाबाहेरच्या टेकाडावरच्या केंद्रात आणायचं. तुरटी, सेटलिंग टँक, फिल्टर बेड, शेवटी क्लोरीन, नेहमीची साखळी. टेकाडाच्या एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला उतार, उताराखाली नाला आणि नाल्याच्या काठाने पत्र्याच्या घरांची वस्ती. हा उतार पुढे महत्त्वाचा आहे.

पूर्वी तिथे क्लोरीन गॅस वापरायचे, टनरमधला. टनर ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी : आडवा ठेवलेला जाड पोलादी पिंप, दोन मीटरच्या आसपास लांब, पिवळा रंग, आत साधारण ९०० किलो क्लोरीन आणि तोही द्रव, स्वतःच्याच दाबाखाली दाबलेला. नुसत्या लोखंडाचंच वजन सहाशे-सातशे किलो भरतं. एका टोकाला लोखंडी टोपीखाली दोन व्हॉल्व्ह असतात, टनर असा ठेवायचा की ते दोन्ही एकाखाली एक उभ्या रेषेत येतील, मग वरच्यातून गॅस मिळतो आणि खालच्यातून द्रव. दोन्ही टोकांना मिळून सहा फ्युजिबल प्लग, साधारण ७० ते ७५ अंशाला वितळणारे, म्हणजे आग लागली तर टनर फुटण्याआधी प्लग वितळून गॅस बाहेर पडावा.

पाच-सहा वर्षांपूर्वी केंद्राने गॅस बंद केला आणि सोडियम हायपोवर, म्हणजे ब्लीचिंगसारख्या द्रव सोडियम हायपोक्लोराइटवर गेले. निर्णय चांगलाच होता, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटचा जोडलेला टनर काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवला, त्यावर कोणीतरी ऑइलपेंटने ‘रिकामा’ लिहिलं आणि तो तिथेच राहिला. पुरवठादाराचं कंत्राट संपलेलं, नवीन कंत्राट हायपोवाल्याचं, टनरचा डिपॉझिटचा कागद सापडेना, त्यात क्लोरीनच्या टनरला दर दोन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी लागते ती तारीख उलटून गेलेली, त्यामुळे ट्रकमध्ये घालून परत न्यायलाही कोणी तयार नाही. असा तो टनर दोन मुख्याधिकारी आणि कितीतरी पावसाळे बघत पडून राहिला. शेवटी भंगार लिलावाच्या यादीत त्याचं नाव चढलं होतं, ‘लोखंडी टाकी, १ नग’ असं.

शेडचं छत गळत होतं. कामगार त्याच टनरवर बसून डबा खायचे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घातक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत त्यात क्लोरीनसाठी खालची मर्यादा १० टनांची आहे. त्याच्या वर साठा असला की मोठे कारखाने ज्या आपत्कालीन आराखड्याच्या चक्रात येतात त्यात तुम्ही येता. एक टनर म्हणजे टनाच्याही आत. त्यामुळे गावोगावच्या पाण्याच्या केंद्रांमध्ये दोन-तीन टनर असले तरी ती त्या चक्राबाहेर राहतात. साठा कमी म्हणून धोका कमी असं कागद म्हणतो, पण कारखान्याला निदान कुंपण आणि मोकळी जागा असते, पाण्याचं केंद्र बहुतेक वेळा वस्तीच्या मधोमध असतं.

काय झालं

जूनचा शेवटचा आठवडा, पाऊस सुरू झालेला, सकाळचे सहा. रात्रपाळीच्या पंप ऑपरेटरला वास आला. पण हायपो वापरणाऱ्या ठिकाणी क्लोरीनसारखा वास रोजचाच, त्यामुळे त्याने आधी हायपोची टाकी बघितली, डोसिंग पंप बघितला, कुठे काही नाही. तोवर डोळे चुरचुरायला लागले. शेडच्या दारात गेला तर जमिनीलगत हिरवट पिवळा धूर सरपटतोय आणि टनरच्या खालच्या व्हॉल्व्हपाशी पांढरं दव गोठलंय, मधूनच थेंब पडतोय. क्लोरीन गॅस हवेपेक्षा अडीचपट जड, तो वर जात नाही, पाण्यासारखा उताराकडे जातो. उतार कुठे होता ते वर लिहिलंय.

ऑपरेटरने व्हॉल्व्हमनला हाक मारली, दोघांनी तोंडाला रुमाल बांधला आणि जे कुणालाही पहिल्यांदा सुचेल तेच केलं, होज लावून टनरवर पाणी मारलं. थोड्या वेळाने नगरपरिषदेची अग्निशमनची गाडी आली, त्यांनीही तेच केलं, फक्त जास्त जोरात. गळती वाढली.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा आमच्याकडच्या अनुभवी लोकांनाही नीट माहीत नसतो. आपल्याकडे बर्फाच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया सुटला की पाणी मारतात आणि ते बरोबर आहे, एक लिटर पाण्यात अमोनिया अर्धा किलोच्या आसपास विरघळतो. क्लोरीन जेमतेम सात ग्रॅम. म्हणजे पाण्याने क्लोरीन ‘मरत’ नाही. उलट दोन गोष्टी होतात. एक, द्रव क्लोरीन वजा ३४ अंशाला उकळतो, गळती सुरू झाली की तो स्वतःच थंड होत जातो, आतला दाब पडतो आणि गळती आपोआप मंदावते. त्यावर पावसाळ्यातलं पंचवीस अंशाचं पाणी ओतणं म्हणजे त्याला शेगडीवर ठेवणं. दुसरं, ओला क्लोरीन म्हणजे ॲसिड. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसं काही करत नाही म्हणून तर तो पोलादी टनरमध्ये भरतात, पण भोकाच्या तोंडाशी ओलावा मिळाला की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं आणि ते भोक आतून खात मोठं करतं. व्हॉल्व्ह गळायलाही मुळात हेच कारण असावं, गळक्या छताचं पाणी वर्षानुवर्षं ग्लँडपाशी, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलपाशी झिरपत होतं आणि आत अगदी बारीक गळती असणारच.

आम्हाला फोन साडेसातच्या सुमाराला आला. फोनवर मुख्याधिकारी म्हणाले, “टनर रिकामा आहे, थोडा उरलेला गॅस येतोय, तुम्ही फक्त येऊन बघा.” आमच्या गटातल्या सीनियरने दोनच प्रश्न विचारले, द्रव दिसतोय का आणि वारा कुठे जातोय. द्रव दिसतोय म्हटल्यावर रिकामा हा विषयच संपला, आणि त्याने फोनवरच पाणी बंद करायला सांगितलं. आम्ही पोचेपर्यंतच्या काळातला हा सगळ्यात उपयोगी निर्णय होता, आणि त्याला काहीही साहित्य लागलं नाही.

पोचल्यावर काय होतं

अग्निशमनच्या गाडीत एक श्वसन यंत्र होतं, पाठीवर सिलेंडर बांधायचं. गेज बघितला तर काटा शून्यावर. फायरमन बिचारा ओशाळून म्हणाला, “साहेब, भरायला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागतं, बिल निघत नाही.” केंद्राचं स्वतःचं क्लोरीन किट, म्हणजे गळती बंद करायच्या साहित्याची पेटी होती, गॅस वापरायचे त्या काळातलं, पण ते स्टोअरमध्ये कुलपात आणि स्टोअरकीपर रजेवर. कुलूप तोडलं. पेटी उघडली तर हत्यारं ठीक होती, गॅस्केट मात्र दगडासारखी कडक झालेली. नशीब, आमच्या वसाहतीत क्लोरीन वापरणारी एक कंपनी आहे तिचं टनरचं किट आम्ही गाडीत घालून आणलं होतं.

वारा बघायला काठीला प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी बांधली. वारा हलका, टेकाडावरून नाल्याकडे. म्हणजे धूर वस्तीकडे आणि आम्हाला जायचा रस्ता शाळेच्या बाजूने. शाळा भरायची वेळ झाली होती, मुलं यायला लागली होती, ती पोलिसांनी गेटवरूनच परत पाठवली.

पर्याय कुठले होते

शेडबाहेर शंभरएक मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून चर्चा झाली. दहा मिनिटं. आत गळती चालू असताना दहा मिनिटं बोलत बसणं लोकांना विचित्र वाटत होतं, आजूबाजूला जमलेले दोघं-तिघं तसं बोललेही, पण ती दहा मिनिटं वाया गेली नाहीत असं मला अजूनही वाटतं.

नगरपरिषदेतल्या एका जुन्या सुपरवायझरचं म्हणणं होतं की जेसीबीने ढकलून टनर जुन्या, बंद पडलेल्या सेटलिंग टँकमध्ये टाकू, पाण्यात बुडाला की विषय संपला. हा पर्याय इतक्या ठिकाणी सुचवला जातो की त्याचं काय होतं ते लिहितो : बुडेलच असं नाही. टनरच्या पोटात पावणेआठशे लिटरच्या आसपास जागा असते, लोखंडाची जाडी धरून तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो, आणि आतला माल बराचसा संपलेला असेल तर तो चक्क तरंगतो, गोल फिरतो, गळका व्हॉल्व्ह खाली की वर हे आपल्या हातात राहत नाही. वर पाणी आणि ॲसिडचा वर लिहिलेला प्रकार आहेच.

दुसरा पर्याय, ट्रॅक्टरला बांधून माळावर ओढून नेणं. वस्तीपासून लांब जाईल हे खरं, पण सडलेला व्हॉल्व्ह घेऊन खडकाळ रस्त्याने ओढताना तो तुटला तर गळतीचं भोक सुईएवढं असलेलं अंगठ्याएवढं होणार, आणि ट्रॅक्टरवाला कुठल्या मास्कमध्ये बसणार?

तिसरा, काहीच न करणं. लोक हलवायचे आणि टनर रिकामा होऊ द्यायचा. ऐकायला बेजबाबदार वाटतं पण हा खरा पर्याय होता आणि आम्ही तो शेवटपर्यंत बाजूला टाकला नव्हता. आत ५० किलो असेल तर तेच बरोबर ठरलं असतं. आत ९०० किलो असेल तर अख्खं गाव हलवावं लागलं असतं. आत किती आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. टनरवर त्याचं रिकामं वजन ठोकून लिहिलेलं असतं, गॅस बंद केला त्या दिवशी केंद्राच्याच वजनकाट्यावर ठेवला असता तर फरक काढायला एक मिनिट लागलं असतं. काटा शेडमध्येच होता, टनरपासून चार पावलांवर. त्यावर आता तुरटीच्या गोण्या रचलेल्या.

चौथा, टनर जागेवरच फिरवायचा, द्रवाची गळती गॅसची करायची आणि मग किटमधला हूड, म्हणजे जाड लोखंडी झाकण, व्हॉल्व्हवर बसवायचा. हाच घेतला.

टनर फिरवणं

द्रव क्लोरीनचा एक लिटर हवेत आला की त्याचे साडेचारशे लिटरहून जास्त गॅस होतात. त्यामुळे त्याच भोकातून द्रव येतोय की गॅस येतोय यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गळका व्हॉल्व्ह खाली, द्रवात होता. तो वर आणला की भोक तेवढंच राहतं पण बाहेर पडणारा क्लोरीन कितीतरी कमी होतो. हे पुस्तकात पहिल्याच पानावर असतं, तरी ऐन वेळी लोक पाना घेऊन व्हॉल्व्हच आवळायला धावतात.

ते इथे करायचं नाही असं ठरलं. ग्लँड नट थोडा आवळून बघावा असं आमच्यातल्या एकाचं मत होतं, एरवी ग्लँडमधून गळत असेल तर पहिला उपाय तोच आहे. पण इतकी वर्षं गंजलेला स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा), पान्याच्या जोराने मान मोडली तर परत यायला रस्ता नाही. चर्चा झाली आणि सीनियरने नको म्हटलं. मला तेव्हाही पटलं होतं.

दोघं आत, दोघं दारात तयार, श्वसन यंत्रावर. सिलेंडरवर ४५ मिनिटं लिहिलेलं असतं पण पहारीने काम करणारा माणूस हवा भसाभस ओढतो, आम्ही २० मिनिटं धरतो, आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत बाहेर. टनर ज्या रोलरवर होता ते गंजून जाम. त्यामुळे पहारी आणि लाकडी पाचर, एकेक इंच. व्हॉल्व्हच्या टोकासमोर कोणी उभं राहायचं नाही, कडेला राहूनच रेटा द्यायचा.

ठरलं होतं अर्धा फेरा, म्हणजे खालचा व्हॉल्व्ह बरोबर वर. पण पाव फेऱ्याच्या जरा पुढे गेल्यावर आवाज बदलला. आधी थुंकल्यासारखा फसफस आवाज येत होता, थेंब उडत होते, आता नुसती शिट्टीसारखी बारीक सुरसुर. द्रव थांबला. आतल्या एकाने हात वर करून थांबायची खूण केली. बाहेर वॉकीटॉकीवर प्रश्न आला, ठरल्याप्रमाणे पुढे फिरवायचा की इथेच थांबायचं?

हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय आहे. पूर्ण अर्धा फेरा दिला असता तर गळका व्हॉल्व्ह वर गेला असता खरा, पण दुसरा व्हॉल्व्ह, जो आतापर्यंत वर कोरडा होता, तो द्रवात गेला असता. तो बंद होता, त्याच्यावर टोपीनटही होता, पण तोही त्याच गळक्या छताखाली तेवढीच वर्षं होता. तेवढ्यात आत असलेल्या मुलाने टनरच्या अंगावरचा दवाचा पट्टा बघितला. गळती चालू असली की द्रव उकळून थंड होतो आणि टनरला बाहेरून जिथपर्यंत द्रव आहे तिथपर्यंत दव धरतं, अगदी रेघ मारल्यासारखं. ती रेघ फार खाली होती, तळापासून वीतभर. म्हणजे द्रव थोडा होता आणि दोन्ही व्हॉल्व्ह आडवे आल्यावर दोघांचीही आतली नळी द्रवाच्या वर येत होती. थांबले. पाचर ठोकून टनर तिथेच अडकवला.

खरं सांगायचं तर ही रेघ आम्ही शेडच्या दारातून दुर्बिणीने आधीच बघू शकलो असतो. पाण्याच्या माऱ्याने सगळा टनर ओला झाला होता म्हणून ती लगेच दिसली नसती हे मान्य, तरी बघायला हवं होतं असं नंतरच्या बैठकीत निघालं.

हूड पहिल्यांदा बसला नाही. व्हॉल्व्हभोवतीची जागा गंजाच्या खपल्यांनी भरलेली, गॅस्केट टेकेना. बाहेर आले, सिलेंडर बदलले, दुसरी जोडी वायरब्रश घेऊन आत गेली, जागा घासली, नवं गॅस्केट, हूडचा वरचा छोटा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हूड बसवला, हूड दाबून धरणाऱ्या पट्टीचा (योकचा) स्क्रू आवळला आणि मग तो छोटा व्हॉल्व्ह बंद केला. अमोनियात बुडवलेला बोळा काठीला बांधून चहूबाजूंनी फिरवला, क्लोरीन असेल तर पांढरा धूर होतो. एका कोपऱ्यात किंचित झाला, स्क्रू अजून अर्धा आटा, मग नाही. साडेदहा वाजले होते.

वस्तीचं काय केलं

वस्तीचा निर्णय इतका नीट झाला नाही.

सकाळी पहिल्यांदा पोलिसांनी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, दारं-खिडक्या बंद करून घरात थांबा. पक्क्या स्लॅबच्या घरांसाठी थोड्या वेळाच्या गळतीला हे चुकीचं नाही. पण पत्र्याच्या घराला बंद करायला असतं काय, पत्रा आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढी फट, आणि घरं नाल्याकाठी, म्हणजे गॅस साठणार तिथेच. एक मावशी आम्हाला नंतर म्हणाल्या, “दार लावलं, उंबऱ्याला चादर कोंबली, तरी वरनं येतच होतं की, मग पोराला घेऊन पळाले.” पळाल्या त्या नाल्याच्या कडेने, म्हणजे धुराच्याच दिशेने, कारण रस्ता तिकडे होता.

तहसीलदार आल्यावर निर्णय बदलला आणि वस्ती हलवायची ठरली. तोवर सात वाजून गेले होते. भोंग्यावरून आता ‘बाहेर पडा’ सांगितलं, पण कुठे जायचं ते सांगितलं नाही. शेवटी एका हवालदारदादांनी स्वतः चालत वस्तीत जाऊन लोकांना बाहेर काढलं, नाला ओलांडून समोरच्या चढावर. ओला फडका नाकाला, लहान मुलं कडेवर, खाली वाकायचं नाही. आगीच्या धुरात खाली वाकून चालायला शिकवतात, क्लोरीनमध्ये बरोबर उलट, गॅस खालीच असतो. हवालदारदादांना हे कोणी शिकवलं होतं का असं विचारलं तर म्हणाले, “धूर पायाशी दिसत होता, मग वर जायचं नाही तर कुठे.”

दवाखाना

चोवीस-पंचवीस लोक ग्रामीण रुग्णालयात गेले, खोकला, डोळ्यांची आग, छातीत जळजळ, काहींना उलट्या. बहुतेकांना ऑक्सिजन आणि डोळे धुणं यावर बरं वाटलं. कोणीतरी वस्तीत दूध वाटायला सुरुवात केली होती, ती डॉक्टरांनी थांबवली. खोकणाऱ्या माणसाला काही पाजलं की ते श्वासनळीत जायची भीती, आणि फुप्फुसातल्या क्लोरीनला दुधाचा काही उपयोग नाही.

व्हॉल्व्हमनचं मात्र थोडक्यात निभावलं. सगळ्यात जास्त गॅस त्याने घेतला होता, रुमाल बांधून वीस-पंचवीस मिनिटं पाणी मारत होता. तासाभराने त्याला बरं वाटलं, नाव-गाव लिहून घेतलं, आणि तो स्कूटरला किक मारून घरी गेला. संध्याकाळी जिना चढताना दम लागला, रात्री झोपवेना, बायकोने परत आणलं. एक्स-रेमध्ये फुप्फुसात पाणी. क्लोरीनची ही सवय आहे, सुरुवातीची जळजळ ओसरते आणि काही तासांनी फुप्फुसं सुजतात, म्हणून जास्त गॅस घेतलेल्याला बरं वाटलं तरी दिवसभर तरी नजरेखाली ठेवायचं, चालायला-चढायलाही लावायचं नाही. त्याला जिल्हा रुग्णालयात हलवलं, आठवड्याने घरी आला. जिवावर कुणाच्याच बेतलं नाही.

टनर रिकामा करणं

हूड बसला म्हणजे टनर सुरक्षित झाला असं नाही, ती तात्पुरती सोय. क्लोरीन पुरवणाऱ्या कंपनीचं पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं. तोपर्यंत रात्रभर पहारा आणि क्लोरीन शोषून घेणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची तयारी. एक किलो क्लोरीन मारायला हिशेबाने १.१३ किलो कॉस्टिक सोडा लागतो. आत किती आहे ते नक्की नसल्याने, दवाची रेघ खाली दिसली असली तरी, आम्ही वाईटात वाईट धरून टनभराहून जास्तीची सोय केली. वसाहतीतल्या एका कापड प्रोसेसिंगवाल्याने कॉस्टिक लाय (कॉस्टिकचं तयार द्रावण) दिली, ती ४८ टक्क्यांच्या आसपासची असते, ती पाण्यात सोडून २० टक्क्यांच्या खाली आणायची. मिसळताना टाकी हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि क्लोरीन सोडल्यावर अजून तापणार, म्हणून मिश्रण रात्रीच करून थंड व्हायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पथकाने चांगल्या असलेल्या व्हॉल्व्हला नळी जोडून हळूहळू गॅस कॉस्टिकमध्ये सोडला. त्याआधी तुरटीच्या गोण्या हलवून टनर एकदाचा काट्यावर ठेवला. आत १४० किलोच्या आसपास क्लोरीन निघाला. सकाळी किती होता ते आता कधीच कळणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

गळतीच्या दिवशीच्या चुका सगळ्यांना दिसतात, पाणी मारलं, भोंग्यावर चुकीचं सांगितलं, व्हॉल्व्हमनला घरी सोडलं. नंतरच्या बैठकीत त्यावरच दोन तास गेले. माझ्या मते ते दोन तास गॅस बंद केला त्या आठवड्यावर घालवायला हवे होते. क्लोरीन बंद करायचा ठराव झाला त्यात हायपोच्या टाक्या, पंप, इलेक्ट्रिकचं काम सगळं होतं, पण जुना टनर कोण, कधी, कुठे परत करणार याची एक ओळ नव्हती. पुरवठादाराचं शेवटचं बिल देण्याआधी टनर उचलल्याची पावती मागितली असती तर तो पळत आला असता. बिल दिल्यावर कोण येतो?

मुंबईत शिवडीला हाजीबंदरच्या गोदामात जुलै २०१० मध्ये जे झालं तेही याच जातीचं होतं, वर्षानुवर्षं बेवारस पडलेले क्लोरीनचे सिलेंडर, त्यातला गळला आणि शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. चालू प्लांटमधल्या सिलेंडरकडे रोज कोणीतरी बघतं, वापरातून गेलेल्याकडे कोणीच बघत नाही.

लिलावाबद्दल तर विचारही नको वाटतो. पुढच्या महिन्यात तो टनर भंगारवाल्याकडे गेला असता आणि त्याने गॅसकटर लावला असता. प्लग ७० अंशाला वितळतात हे त्याला कोण सांगणार?

मतभेद राहिले ते एकाच गोष्टीवर. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, हूड बसवायला आत जायचं कारणच नव्हतं, टनर फिरवल्यावर गळती इतकी कमी झाली होती की वस्ती हलवून उरलेला गॅस शेडमध्येच सोडून दिला असता तर चार माणसांचा जीव दोनदा धोक्यात घालायची गरज पडली नसती. १४० किलो हा आकडा कळल्यावर हे म्हणणं अजूनच वजनदार वाटतं. माझं मत वेगळं आहे, रात्री वारा पडतो, हवा थंड होऊन जमिनीलगत बसते आणि तोच गॅस दिवसापेक्षा रात्री कितीतरी लांब पसरतो, त्यामुळे संध्याकाळच्या आत तोंड बंद करणं बरोबरच होतं. पण समोरच्यांचं म्हणणं खोडून काढता येईल असा आकडा त्या सकाळी माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही.

प्रकरणानंतर जिल्ह्यातल्या सगळ्या पाणी केंद्रांना पत्र गेलं की पडून असलेले टनर आणि सिलेंडर असतील तर वजन करून कळवा. नुसतं ‘आहे का नाही’ नाही, वजन. आणखी दोन ठिकाणी सापडले, एक खरंच रिकामा आणि एक नाही. नगरपरिषदेने श्वसन यंत्राचे दोन नवे सेट घेतले आणि ते भरायची सोय आमच्या वसाहतीतल्या कंप्रेसरवर केली. कापडवाल्याच्या कॉस्टिकचं बिल मात्र अजून अडकलंय, कोटेशन न मागवता खरेदी केल्याचा आक्षेप ऑडिटने काढलाय.